पिंजरा कोणासाठी?

सुट्टीत मुलांना पुण्याला नेलं की कात्रजचं प्राणिसंग्रहालय आपण दाखवतोच. पण ही जनावरं कोंडायची रीत कधीची आणि ती कोणासाठी, हे कधी विचारलंय का आपण?

पुण्यात ही हौस जुनी. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीजवळ होता. तिथल्या सिंहाची, गेंड्याची चित्रं १७९० च्या सुमारास गंगाराम तांबट या चित्रकाराने काढली. तेव्हा जनावर ठेवायचं ते धन्याच्या वैभवासाठी. पुढे १८६२ मध्ये मुंबईत राणीची बाग खुली झाली. नंतर तिथे प्राणी आले आणि ते बघायला सामान्य माणसं जाऊ लागली. १९५३ मध्ये पुण्यात पेशवे पार्क झालं. तिथली जागा अपुरी, म्हणून पुढे प्राणी कात्रजच्या मोठ्या आवारात नेले.

म्हणजे विचार हळूहळू बदलला. १९९२ मध्ये प्राणिसंग्रहालयांवर देखरेखीसाठी केंद्रीय प्राधिकरण आलं. २००९ मध्ये त्याने सांगितलं, हत्ती प्राणिसंग्रहालयात ठेवू नका. मैलोन्‌मैल चालणाऱ्या जनावराला आवार कितीही मोठं केलं तरी अपुरंच.

आता आपल्या जुन्नरकडे या. इथे पिंजरा लागतो तो आपल्या भीतीसाठी. बिबट्या दिसला की आपणच म्हणतो, पिंजरा लावा. यात आपलं काही चुकतं असं नाही. पहाटे वैरणीला जाणारी बाई आणि अंगणात खेळणारं पोर आपलंच असतं. माणसावर हल्ले करणारा बिबट्या पकडायलाच हवा. पण दिसेल तो पकडला तर काय होतं, हेही आपल्याच भागाने पाहिलंय. २००१ पासून पकडलेले बिबटे दूर जंगलात सोडू लागले. अभ्यासकांनी मोजलं, तर वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले १७ वर गेले होते. जागा रिकामी झाली की तिथे दुसरा बिबट्या येतो. नाही सोडला, तर माणिकडोहच्या निवारा केंद्रात तो जन्मभर पिंजऱ्यात. जनावराचा जन्म गेला आणि आपली भीती होती तिथेच.

मग करायचं काय? आम्ही गटात ठरवलंय. अंधारात एकटीने उसाकडे जायचं नाही. शेळ्यांचा गोठा बंदिस्त करायचा. मुलांना संध्याकाळी उघड्यावर ठेवायचं नाही. ऊसतोडीत बछडे सापडले तर उचलून घरी आणायचे नाहीत, वनखात्याला कळवायचं. ते लोक बछडे त्याच जागी ठेवतात, आणि बहुतेकदा रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. लेकरू हरवलेली आई काय असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पुढच्या बैठकीत हा एक प्रश्न जरूर घ्या: आपल्या गावात पुढचा पिंजरा मागण्याआधी आपण काय काय केलं?