महजर, सभा आणि बीडचे कागद

मंडळी, मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे यायचा आणि निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, सगळ्यांच्या साक्षीने लिहिला जायचा. १९१० साली राजवाडे-मेहेंदळ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. जुने कागद सभेत वाचायचे, चर्चा करायची, मग छापायचे, हा तिथला शिरस्ता. असं छापील साहित्य हाताशी असल्याचा फायदा वि. त्र्यं. गुण्यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या ग्रंथाला (१९५३) झाला.

आपलं बीड मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी, उर्दू वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली.

पण दाखल्यापुरता वाचलेला कागद पुन्हा बासनात जातो. तोच सभेत वाचून छापला, तर तेव्हाचा न्याय खरा की खोटा, हे कुणालाही तपासता येतं. मराठवाडा इतिहास परिषदेच्या अधिवेशनांत असे निबंध वाचता येतात. तेव्हा नातेवाईकहो, घरातली ती लाल फडक्यातली गाठोडी रद्दीत घालू नका. एखादा जुना निवाडा निघाला तर वाचून घ्या आणि चारचौघांपुढे मांडा.