तळहातावरील यंत्र आणि जमिनीची नोंद : डहाणू-तलासरीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नोंद कोण करतो, कोठे करतो आणि कोणत्या भाषेत करतो, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासात मूलभूत आहेत. प्रस्तुत लेखात हातात मावणाऱ्या नोंदयंत्राच्या वाटचालीचा आणि डहाणू-तलासरी परिसरातील वनजमिनीच्या नोंदीचा एकत्रित विचार केला आहे.

यंत्राची वाटचाल :
ब्रिटनमधील सायॉन कंपनीने 1984 साली 'ऑर्गनायझर' हे हातात धरण्याजोगे यंत्र बाजारात आणले. 1991 च्या 'सिरीज 3' मध्ये घडी उघडताच पूर्ण कळफलक समोर येई आणि दोन लहान बॅटऱ्यांवर काम चाले. 'पर्सनल डिजिटल असिस्टंट' ही संज्ञा मात्र 1992 मध्ये ॲपलचे जॉन स्कली यांनी रूढ केली. या यंत्रांमुळे नोंदवही कचेरीतून बाहेर पडली. परंतु तिच्या कळा रोमन लिपीच्या होत्या. देवनागरीसाठी 'इस्की' सांकेतिक प्रणाली व 'इनस्क्रिप्ट' कळफलक यांचे प्रमाणीकरण 1991 मध्ये झाले आणि त्या कार्यात पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा मोठा वाटा होता. तथापि, खिशातील यंत्रावर मराठी सहजपणे येण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

डहाणू-तलासरीतील नोंदीचा प्रश्न :
या परिसरातील वारली समाजाने नोंदीची किंमत फार पूर्वीच मोजली आहे. सावकार व जमीनदारांच्या कागदांपुढे कसणाऱ्याचा शब्द टिकत नसे. मे 1945 मध्ये तलासरीजवळील झरी येथे भरलेल्या परिषदेपासून वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला संघटित रूप आले. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्या लढ्याचा महत्त्वाचा दस्तऐवज होय. वनजमिनीचा प्रश्न मात्र स्वातंत्र्यानंतरही सुटला नाही. एकसाली पट्ट्यांवर कसणाऱ्यांपाशी पुरावा म्हणून पुष्कळदा दंडाच्या पावत्या आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी एवढेच होते.

वनहक्क कायदा 2006 मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू झाले. महाराष्ट्रात दाव्यांच्या मोजणीसाठी जीपीएस असलेली हस्तयंत्रे वापरली गेली. त्यामुळे डोंगरउतारावरील शेताची सीमा चालत जाऊन नोंदवता येऊ लागली. परंतु साध्या जीपीएस यंत्रात काही मीटरची चूक संभवते. 50 मीटर लांब व 20 मीटर रुंद तुकडा 1000 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 10 गुंठे भरतो. त्याच्या चारही सीमा दीड-दीड मीटर आत सरकल्या, तर क्षेत्र 47 गुणिले 17, म्हणजे 799 चौरस मीटर उरते. जवळपास 2 गुंठे कागदावरून नाहीसे होतात. मोठ्या जमीनधारकाला हा फरक किरकोळ वाटेल. अल्पभूधारकाच्या घरी तेवढ्यात काही दिवसांचे धान्य जाते.

2012 च्या सुधारित नियमांनी हा धोका ओळखला. उपग्रहचित्रे व अन्य तंत्रज्ञान हे इतर पुराव्यांना पूरक ठरेल, त्यांची जागा घेणार नाही, असे त्यांत स्पष्ट केले आहे. म्हणजेच जाणत्यांचे कथन, जुनी झाडे, बांध व ग्रामसभेचा ठराव यांचे मोल कायम राहते.

समारोप :
यंत्र लहान झाले म्हणून सत्तेचे अंतर आपोआप कमी होत नाही. पडद्यावरील आकडे दावेदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखविले गेले आणि ग्रामसभेने ते पडताळले, तरच ती नोंद त्याची ठरते. झरीच्या परिषदेतील प्रश्नाचे मूळही हेच होते, असे म्हणणे अनुचित होणार नाही.