लहरीचे लायसन

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. माझा नातू मित्रांबरोबर थायलंडला निघाला होता. लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणे हा त्याचा व्यवसाय, त्यामुळे ड्रोन हे त्याच्या पोटापाण्याचे साधन. फुकेतचा किनारा वरून टिपायचा, असा बेत होता. निघायला चार दिवस उरले असताना तो हातात कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "आजोबा, विमान खात्याकडे ड्रोनची नोंद करायची, हे समजलं. पण तिथलं रेडिओ-टेलिफोनचं खातं मध्ये कुठून आलं? ड्रोन म्हणजे काय रेडिओ आहे?"

मी म्हटले, "अरे, रेडिओच आहे. आणि रेडिओच्या लायसनबद्दल विचारायला तू अगदी योग्य माणसाकडे आलास."

श्रोतेहो, १९७० च्या दशकात मी सातारा जिल्ह्यातल्या एका टपाल कचेरीत कारकून होतो. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर लायसन लागे आणि ते टपाल कचेरीत मिळे. एक छोटी पुस्तिका असायची. दर वर्षी पैसे भरायचे, खास तिकिटे चिकटवायची आणि त्यांवर मी शिक्का मारायचा. मुदत चुकली की दंड. एकदा एक गृहस्थ खिडकीशी येऊन उभे राहिले, पण बोलेनात. भावाने कुवेतहून टू-इन-वन आणला होता. वर्षभर घरात गाणी वाजली, आणि मग कुणीतरी सांगितले की लायसन नसताना हा गुन्हा होतो. "साहेब, आम्ही तर नुसतं ऐकतो," ते कसेबसे म्हणाले. त्यांचा तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्या वेळी मी दंडाची पावती फाडली आणि पुढच्या माणसाला बोलावले. असा कायदा का, हा प्रश्न मला पुष्कळ उशिरा पडला. आज त्याचेच उत्तर तुमच्यापुढे मांडणार आहे.

गोष्ट सुरू होते समुद्रावर. १९०२ साली जर्मन सम्राटाचा भाऊ राजपुत्र हाइनरिश अमेरिकेचा दौरा आटोपून जहाजाने परत निघाला होता. वाटेतून त्याने राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आभाराचा बिनतारी संदेश पाठवायचे ठरवले. किनाऱ्यावरच्या केंद्राने तो घ्यायला नकार दिला. कारण काय, तर जहाजावरचे यंत्र जर्मन बनावटीचे होते आणि केंद्र मार्कोनी कंपनीचे. मार्कोनीची केंद्रे मार्कोनीच्याच यंत्रांशी बोलत. जर्मनीने पुढाकार घेतला, १९०३ साली बर्लिनमध्ये प्राथमिक परिषद भरली आणि १९०६ साली तिथेच पहिला आंतरराष्ट्रीय रेडिओ करार झाला. जहाज आणि किनारा यांनी कोणत्याही बनावटीच्या यंत्राचा संदेश नाकारायचा नाही, असे ठरले. संकटाची खूण म्हणून एसओएस ठरला. आणि आणखी एक गोष्ट ठरली, ती आपल्या विषयाला महत्त्वाची आहे. खासगी जहाजावर बिनतारी यंत्र बसवायचे तर त्या जहाजाच्या सरकारचा परवाना हवा.

यामागचा विचार सरळ होता. तार ही खांबावरून जाते, तिचा मालक ठरवता येतो. लहर मात्र सगळ्यांच्या आकाशातून जाते. दोघे एकाच वेळी एकाच पट्ट्यात बोलू लागले की कुणाचेच ऐकू येत नाही, आणि त्यांतला एखादा बुडणाऱ्या जहाजाचा हाकारा असू शकतो. म्हणून कोण बोलणार, कुठल्या पट्ट्यात आणि किती मोठ्याने, याची कुठेतरी नोंद हवी. परवान्याचे हे पहिले कारण, आणि ते मला आजही पटते.

दुसरे कारण पैशाचे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. कंपनीची भिस्त मुख्यतः परवाना फीच्या वाट्यावर होती. पण परवाने निघाले थोडे, आणि चोरून ऐकणारे पुष्कळ. १९३० साली कंपनी बुडाली. अडचण अशी होती की १८८५ चा तार कायदा यंत्रणा उभारणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला पकडत असे, नुसता संच घरात ठेवणाऱ्याला नाही. ही फट १९३३ च्या भारतीय बिनतारी कायद्याने बुजवली. हा कायदा बिनतारी यंत्र 'जवळ बाळगण्याचे' नियमन करण्यासाठी केला आहे, असे त्याच्या शीर्षकातच लिहिलेले होते. माझ्या खिडकीशी उभ्या असलेल्या त्या गृहस्थांचा गुन्हा या दोन शब्दांत होता. घरगुती रेडिओचे लायसन पुढे १९८० च्या दशकाच्या मध्याला गेले, पण 'जवळ बाळगणे' कायद्यात राहिले.

तिसरे कारण भीतीचे. १९४२ च्या चले जाव आंदोलनात बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून प्रक्षेपणाची जागा सारखी बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पकडले गेले आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. सरकारला भीती का वाटते, हे त्यावरून कळते, आणि ती भीती प्रत्येक वेळी न्याय्य असतेच असे नाही, हेही कळते. पण नोव्हेंबर २००८ मध्ये त्याच मुंबईत समुद्रातून आलेल्या हल्लेखोरांकडे उपग्रह दूरध्वनी होता. तेव्हा या भीतीला नुसते हसूनही चालत नाही.

या भीतीची झळ कधी कधी पाहुण्यालाही लागते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळांवर काही परदेशी प्रवाशांना अडवले गेले. डोंगरात वाट चुकलो तर मदत मागता यावी म्हणून त्यांच्याकडे उपग्रहाशी जोडणारी छोटी संदेशयंत्रे होती. स्वतःच्या देशात ती दुकानात मिळतात. इथे मात्र परवानगीविना ती बाळगणे १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांखाली गुन्हा ठरले. कुवेतचा टू-इन-वन आणि हे यंत्र, मला तर एकाच रांगेतले वाटले.

आता ड्रोनकडे येऊ. १९४४ साली शिकागोला नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याच्या तिसाव्या कलमात म्हटले आहे की विमानाला दुसऱ्या देशात रेडिओ यंत्र नेता येईल, मात्र त्याच्या स्वतःच्या देशाचा परवाना हवा; वापर मात्र तिथल्या नियमांनुसार. म्हणजे मुंबईहून निघालेले विमान बँकॉकला उतरते तेव्हा त्याच्या रेडिओचे कागद भारताचे असतात, आणि थायलंड ते मानतो. युरोपातल्या देशांनी १९८५ साली हौशी रेडिओचालकांसाठी अशीच सोय केली. एका देशाचे लायसन घेऊन गेलेल्याला थोड्या मुक्कामात दुसऱ्या देशात बोलता येऊ लागले. ड्रोनला मात्र असे जगभर चालणारे लायसन नाही. शिकागो कराराचेच आठवे कलम सांगते की वैमानिकाविना उडणारे विमान परक्या देशावरून त्या देशाच्या खास परवानगीशिवाय नेता येणार नाही. हे लिहिले गेले तेव्हा खिशात मावणारे ड्रोन कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

नातवाने विचारले, "मग वाय-फायला कुठे लायसन लागतं? माझा ड्रोनही त्याच पट्ट्यात बोलतो." प्रश्न चांगला होता. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २००५ साली विनापरवाना वापराला खुला झाला. पण तो खुला आहे शक्तीची मर्यादा पाळणाऱ्यांसाठी, आणि ही मर्यादा देशागणिक वेगळी. ड्रोन वापरतात त्या ५.८ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अमेरिकेत एक वॅटपर्यंत शक्ती चालते, तर युरोपात छोट्या उपकरणांना सर्वसाधारणपणे २५ मिलिवॅटची मर्यादा आहे. तेच यंत्र एका देशात हळू बोलणारे आणि दुसऱ्या देशात आरडाओरडा करणारे ठरू शकते.

थायलंडमध्ये याचा कायदा आहे १९५५ चा, रेडिओ दळणवळणाचा. ड्रोनचा दूरनियंत्रक हाही रेडिओ, म्हणून २०१७ पासून तिथल्या प्रसारण आणि दूरसंचार आयोगाने ड्रोनच्या नोंदणीची सक्ती केली. नातवाच्या कागदावर दोन शिक्षा छापलेल्या होत्या. विमान खात्याचे नियम मोडले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ४० हजार बाथपर्यंत दंड, अथवा दोन्ही. रेडिओची नोंदणी नसेल तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख बाथपर्यंत दंड, अथवा दोन्ही. उडवण्यापेक्षा जवळ बाळगण्याची शिक्षा मोठी! "पण मी बॅगेतून काढलाच नाही तर?" असे त्याने विचारले, आणि मला ते खिडकीपाशी उभे असलेले गृहस्थ आठवले.

नोंदणीसाठी पारपत्राची प्रत, यंत्राचा क्रमांक, छायाचित्रे आणि विम्याचा कागद हवा होता. चार दिवसांत हे जमणे शक्य नव्हते, आणि आधी चौकशी केली नव्हती ही चूक आमचीच. शिवाय भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातलेली. येताना विमानतळावर 'हा माझाच, इथूनच नेलेला' हे सिद्ध करायला जाण्याआधी सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यायला हवा होता. ड्रोन घरीच राहिला. पुढे जुलै २०२५ मध्ये कंबोडियाशी सीमेवर लढाई पेटली तेव्हा थायलंडने देशभर ड्रोन उडवायलाच बंदी घातली. आज मिळालेली परवानगी उद्या टिकेलच, असेही नाही.

आपल्याकडे २०२३ साली नवा दूरसंचार कायदा मंजूर झाला आणि २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. नवे कायदे येतील, जुने जातील. लहर सामाईक आहे, तिची नोंद हवी, याबद्दल माझी तक्रार नाही. टपाल कचेरीच्या खिडकीमागे मी अनेक वर्षे काढली आहेत. पण १९०६ साली जगातल्या देशांनी जहाजाचा कागद एकमेकांत मानायचे ठरवले, ते माणसांचे जीव वाचावेत म्हणून. डोंगरात मदतीची हाक देणारे यंत्र बाळगणाऱ्या पाहुण्याला तेवढे तरी मिळायला हवे. आणि तोवर निदान तिकीट काढतानाच त्याला कुणीतरी सांगायला हवे, की बाबा, तुझ्या बॅगेत एक रेडिओ केंद्र आहे.

त्या गृहस्थांना मी तेव्हा हे समजावून सांगायला हवे होते. पावती फाडायला मला एक मिनिट लागले होते. समजावायला फार तर पाच लागली असती.