मिठाचा नाच

ठाणे, डोंबिवली, कल्याणातल्या डान्स क्लासच्या पाट्यांवर झुंबा आणि बॉलिवूडच्या रांगेत ‘सालसा’ हा शब्द दिसतो. मराठी डोळा तो आधी ‘सालस’ असा वाचतो. लग्नाच्या जाहिरातीतल्या त्या सालस मुलाशी या नाचाचं काही नातं नाही. उलट ‘संगीत’साठी घाईघाईने चार स्टेप्स शिकायला आलेल्या त्याच मुलाला तिथे सालसपणा जरा आवरावा लागतो.

स्पॅनिशमध्ये सालसा म्हणजे सॉस. लॅटिनमध्ये ‘साल’ म्हणजे मीठ आणि ‘सालसा’ म्हणजे खारवलेली. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘सॉस’सुद्धा त्याच मिठाचा, फक्त फ्रेंचच्या वाटेने आलेला. क्युबाच्या इग्नासिओ पिन्येरो यांनी १९३०च्या दशकातच एका गाण्याच्या नावात हा सॉस घातला होता. पण संगीताचा शिक्का म्हणून तो पक्का झाला १९७०च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये. क्युबन आणि पोर्तो रिकन मंडळींच्या सोन, माम्बो वगैरे प्रकारांना मिळून विकायला एक नाव हवं होतं. १९६४ साली स्थापन झालेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीने ते जोरात चालवलं. थोर वादक टिटो पुएन्ते यांना हे नाव रुचत नसे. सॉस खायचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र ते नाव चपखल वाटतं, कारण सौंदर्याला मीठ लावायची खोड आपलीही आहे. ‘लवण’ म्हणजे मीठ आणि त्यावरून झालेलं ‘लावण्य’ म्हणजे मुळात खारटपणा. हिंदीतला ‘सलोना’ म्हणजे स-लवण. आपलं लोणचंही त्याच घराण्यातलं. गंमत म्हणजे खुद्द ‘मीठ’ हा शब्द मिष्ट, म्हणजे गोड, या कुळातून आला आहे. गुजरातीत ‘मीठुं’ म्हणजे मीठही आणि गोडही.

मग लावणीचं काय? लावण्याची ती लावणी, असं सांगितलं जातं. तसं असतं तर सालसा आणि लावणी सख्ख्या बहिणी ठरल्या असत्या. मोह होतो, पण पटत नाही. पेरणे-पेरणी, कापणे-कापणी, तशी लावणे-लावणी ही वाट अधिक सरळ आहे. भाताची रोपं लावतात, तसे शब्द चालीत लावायचे.

क्लासमध्ये कानावर पडतं ते ‘वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन’. लीड करणाऱ्याचा डावा पाय पुढे, वजन परत उजव्यावर, डावा जागेवर. मग पाच-सहा-सातला हेच उजव्या पायाने मागे. चार आणि आठ हे आकडे कुणी उच्चारत नाही, पण ते असतात. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखे, अर्धवट टेकायला. नवशिका हमखास तिथेच घसरतो. रिकामी मात्रा त्याला सोसत नाही, पाय पडतोच.

त्यावर उपाय म्हणून ‘क्लावे’ ऐकायला सांगतात. लाकडाच्या दोन आखूड, जाड काठ्या. एक पोकळ मुठीवर ठेवायची, दुसरीने ठोकायची. पाच ठोके, तीन आणि दोन असे वाटलेले. स्पॅनिशमध्ये क्लावे म्हणजे गुरुकिल्ली, मूळ लॅटिन ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली. त्याच क्लाविसचं पोर्तुगीजमध्ये ‘शावे’ झालं आणि मराठीत ‘चावी’. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, पोर्तुगीज गेले, चावी राहिली. बटाटाही राहिला, आणि तो तर थेट कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला. म्हणजे डोंबिवलीत सालसा पोचायच्या कितीतरी आधी कॅरिबियन शब्द वड्यात बसला होता.

राहिला पार्टनर. ‘जोडीदार’ म्हटलं की वधूवर सूचक मंडळ आठवतं आणि दोन अनोळखी माणसं आणखी अवघडतात. खेळातला ‘भिडू’ मला बरा वाटतो. भिडायचं आहेच, आणि भीड चेपायचीही आहे. शिवाय क्लासमध्ये दर दोन-तीन गाण्यांनी जोड्या बदलतात, आणि भिडू बदलला म्हणून कुणी रुसत नाही. फक्त समोर बाई असली की ‘माझा भिडू’ म्हणायचं की ‘माझी भिडू’, यावर आधी एक मत करावं लागेल.