विंचू चावल्यावर शरीरात नेमकं काय होतं? सातवी-आठवीच्या धड्यातलं विज्ञान, कोकणातल्या उदाहरणासह

रत्नागिरी : जांभा दगडाचे गडगे, पेंढ्याच्या उडव्या, लाकडांच्या राशी आणि कौलारू घरं ही लाल विंचवाची आवडती ठिकाणं. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असतो, पण त्याचं विष तुलनेने सौम्य. खरा धोका लहानशा लाल विंचवाचा. त्याचा दंश झाल्यावर एकाच वेळी मज्जासंस्था, हृदय आणि फुफ्फुसं कशी गुंततात ते समजून घेतलं, तर शाळेच्या पुस्तकातल्या तीन वेगवेगळ्या धड्यांचा एकमेकांशी असलेला संबंध लक्षात येतो.

आपण झोपलेले असतानाही हृदय चालतं, घाम येतो, अन्न पचतं. हे काम स्वायत्त मज्जासंस्था सांभाळते. तिचे दोन भाग. एक संकटात शरीराला पळायला तयार करतो, दुसरा शांत करतो. दोन्ही आलटून पालटून चालले की सगळं ठीक. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंच्या टोकांवरची सोडियमची दारं उघडी ठेवतं. त्यामुळे तंतू थांबायचं नावच घेत नाहीत, संदेशावर संदेश सुटत राहतात.

सुरुवातीला उलटी, भरपूर घाम, तोंडाला लाळ. मग पळायला लावणारा भाग जोर धरतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात-पाय थंडगार पडतात. रक्तदाब वाढतो, छातीत धडधडतं.

इथे हृदयाची कसोटी लागते. मुठीएवढा हा स्नायू मोठ्या माणसात मिनिटाला साधारण 70 ते 80 वेळा आकुंचन पावतो आणि सुमारे पाच लिटर रक्त फिरवतो. शेतावरच्या पंपाचा पाइप पुढे दाबून धरला की मोटर ओढते, तापते. आकसलेल्या वाहिन्यांमध्ये रक्त ढकलताना हृदयाचं तसंच होतं. डावा कप्पा थकला की रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. फुफ्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात, तिथेच ऑक्सिजन रक्तात जातो. तुंबलेल्या रक्तातलं पाणी त्या कोशांत झिरपलं की श्वास लागतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. म्हणजे डंख पायाच्या बोटाला आणि माणूस गुदमरतो फुफ्फुसात!

हे कोडं सोडवण्यात मोठा वाटा डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात ते 1976 मध्ये रुजू झाले. कशेडी घाट उतरला की आपल्या खेड तालुक्याच्या पलीकडचाच हा भाग. विंचूदंशाचे रुग्ण हृदय निकामी होऊन दगावतात, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदवलं. 1980च्या दशकात त्यांनी रक्तदाबाची एक साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली : प्राझोसिन. ती आकसलेल्या वाहिन्या सैल करते, म्हणजे पंपाच्या पुढचा पाइप मोकळा करते. पूर्वी गंभीर रुग्णांतले तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मरत. पुढे ते प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मोठ्या शहरातली प्रयोगशाळा नसताना, एका खेड्यातल्या दवाखान्यात हे झालं, हे विद्यार्थ्यांनी जरूर वाचावं. पुढे प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो का, याचीही चाचणी त्यांनी केली आणि उत्तर 'होय' आलं.

गोळी घरी मात्र देऊ नये. ती घेतल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून डॉक्टर रुग्णाला झोपवून, मात्रा वजन बघून देतात. जखम कापणं, चोखणं, दोरी घट्ट बांधणं, मांत्रिकाकडे नेणं, यात मोलाचा वेळ जातो. दंश झालेल्या हाताला अंगठी-बांगडी असेल तर काढावी, माणसाला शांत ठेवावं आणि जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावं. गाडी नसेल तर 108 ला फोन करावा. लहान मुलांच्या बाबतीत धोका जास्त. आणखी एक, वेदना कमी आहेत म्हणून विष कमी चढलं असं समजू नये. घाम, उलटी आणि थंड हातपाय बघावेत.

ओटीवर किंवा मळ्यात रात्री विंचू शोधायचा असेल तर नोटा तपासायच्या निळसर अतिनील टॉर्चचा उपयोग होतो. त्या उजेडात विंचवाचं कवच हिरवट-निळं चमकतं आणि दगडाच्या फटीतला विंचूही चटकन दिसतो.