दुकानाची पायरी

बाजारात पैसा बोलतो असे आपण म्हणतो. जिंतूरचा आठवडी बाजार असो, गंगाखेड-सेलूची पेठ असो की परभणीचा उरूस, ज्याच्या गाठीला पैसा तो गिऱ्हाईक, हा व्यापाराचा साधा न्याय. प्रत्यक्षात मात्र पैशाच्या आधी गिऱ्हाइकाची जात पाहिली जात असे. ही पाहणी दोन प्रकारची होती.

पहिली विटाळाची. दलित गिऱ्हाइकाने दुकानाची पायरी चढायची नाही. लांबून माल मागायचा, पैसे खाली ठेवायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून ते उचलणार आणि माल वरून पदरात टाकणार. कापड हाताळून पाहणे तर दूरच राहिले.

दुसरी पाहणी संशयाची. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहून त्याची नोंद होई. मग पोलिसांकडे हजेरी आणि गाव सोडायचे तर पास. १९११ मध्ये मुंबई इलाखाही या कायद्याखाली आला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, पण तिथेही याच धर्तीचे नियम होते. ज्याच्यावर सरकारनेच चोराचा शिक्का मारला, तो बाजारात मीठ-मिरची घ्यायला आला तरी दुकानदाराला चोरच दिसणार!

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर अडीच महिन्यांतच, २९ नोव्हेंबरला, दिल्लीत घटना समितीपुढे दुकानाचा प्रश्न आला. दुकान या शब्दात सलून आणि लाँड्री येते का, असे एका सभासदाने विचारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खुलासा केला, की येणाऱ्या कोणालाही सेवा देण्याची जिथे तयारी असते ते दुकान, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थानावरून कोणालाही दुकानात येण्यास मज्जाव करण्यास बंदी केली. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने असा मज्जाव गुन्हा ठरवला. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती.

पायरी अशी मोकळी झाली. नजरेचे काय? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जमातीचे नाव नव्हते, पण पोलिसांची नजर जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिली.

आपली भाषाही या नजरेतून सुटलेली नाही. 'भामट्याने दागिने लांबवले' अशी बातमी आपण सहज वाचतो. भामटा हे विमुक्तांच्या यादीतल्या एका जमातीचे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असते? उचल्या या शब्दाचेही तसेच. लातूर भागातले लक्ष्मण गायकवाड यांनी तोच शब्द आपल्या आत्मकथनाचे नाव म्हणून निवडला. त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हा रोग केवळ आपलाच नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बार्नीज या बड्या दुकानावर कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांवर संशय घेतल्याचा आरोप झाला. २०१४ मध्ये त्याने सव्वापाच लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतले जातीवार कामवाटप घटनाबाह्य ठरवले. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले.

दुकानदाराने मालावर लक्ष ठेवू नये, असे कोणी म्हणणार नाही. चोरी झाली तर तक्रारही करावी. पण लक्ष ठेवायचे ते सगळ्यांच्या हातांवर सारखेच. पारधी बाई मुलीसाठी परकर घ्यायला आली, तर तिला चार रंग दाखवावेत, भाव सांगावा, घासाघीस करू द्यावी. घटनेने तिला दिलेला हक्क कागदावरून पेढीपर्यंत आणणे हे गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्याच हाती आहे.