तळटीप : चारही बाजू समान, तरी चौरस नव्हे

* ‘चारही बाजू समान, म्हणून चौरस’ : मूळ मजकुरातले हे विधान अपुरे आहे. अ(०, ०), ब(४, ३), क(७, ७), ड(३, ४) हे शिरोबिंदू याच क्रमाने जोडून पाहा. अब काढताना क्ष-निर्देशकांतला फरक ४, य-निर्देशकांतला ३. १६ अधिक ९ म्हणजे २५, त्याचे वर्गमूळ ५. उरलेल्या तिन्ही बाजूही ५ च भरतात. पण कर्ण अक = √९८ आणि बड = √२. कर्ण असमान, म्हणून हा समभुज चौकोन आहे, चौरस नाही.

चढ काढूनही हेच दिसते. अबचा चढ ३/४, बकचा ४/३. गुणाकार १ येतो. काटकोनासाठी तो −१ यायला हवा. क(१, ७) आणि ड(−३, ४) घेतले, तर बकचा चढ −४/३ होतो, दोन्ही कर्ण √५० येतात आणि चौरस मिळतो. (बाजू य-अक्षाला समांतर असेल तर तिचा चढ काढता येत नाही, तिथे अंतरांवरच भिस्त ठेवावी.)

नुसत्या बाजूंवरून चौकोन ठरत नाही, कर्णही कळावा लागतो, हे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) बजावले आहे. निर्देशक हाती असले की कर्ण आपोआप मिळतो. म्हणून विद्यार्थ्यांनी बाजूंवर थांबू नये. कर्ण मोजल्याशिवाय चौकोनाला नाव देऊ नये. — संपा.